डीप फ्रायर धुताना : तीन दिवाळ्यांनंतरचा अभिप्राय

आमच्या घरी विजेवर चालणारा डीप फ्रायर येऊन आता तीन दिवाळ्या झाल्या. दरवर्षी दहा-बारा किलो चकल्या, कडबोळी, शंकरपाळे आणि करंज्या, शिवाय पावसाळ्यातली अधूनमधूनची भजी, एवढे तळण या यंत्रावर झाले आहे. ते कसे तळते याविषयी विक्रेते भरपूर सांगतात आणि त्यातले बरेचसे खरेही असते. पण तळण संपल्यावर ओट्यावर उरणारे ते ओशट, मेणचट धूड स्वच्छ करायला किती वेळ, किती पाणी आणि किती संयम लागतो, हे मला दुकानात कोणीही सांगितले नव्हते. आमच्याकडे हे काम माझ्या वाट्याला आले, कारण मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि "तुझ्या शास्त्राचा घराला काहीतरी उपयोग होऊ दे," असे सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. त्यामुळे हा अभिप्राय मोरीच्या बाजूने लिहिलेला आहे, असे समजावे.

यंत्र तीन लिटरचे, 2000 वॅटचे आणि चौकोनी स्टीलच्या घडणीचे आहे. बाहेरचे आवरण, तेलाची टाकी, तारेची जाळी आणि झाकण हे चार भाग सुटे होतात. पाचवा भाग म्हणजे मागच्या खाचेत बसणारी कॉइल, जिच्या डोक्यावर थर्मोस्टॅटची खुंटी आणि विजेची वायर आहे. 2000 वॅट म्हणजे 230 व्होल्टला पावणेनऊ अँपियरच्या जवळपास प्रवाह, त्यामुळे याला 16 अँपियरचा मोठा प्लगच लागतो. आमच्या ओट्यावर तो एकाच कोपऱ्यात असल्यामुळे दिवाळीत फ्रीजचे दार अर्धेच उघडते, पण तो दोष घराचा आहे, यंत्राचा नाही. कॉइल खाचेत नीट बसली नसेल तर यंत्र चालूच होत नाही, ही सोय मात्र मला मनापासून आवडली.

तळण्याबद्दल थोडक्यात सांगते. चकलीला तापमान सारखे लागते आणि ते कढईत सांभाळायला अनुभवी हात हवा. इथे ते काम थर्मोस्टॅट करतो आणि पहिल्या घाण्याची चकली व शेवटच्या घाण्याची चकली यांच्या रंगात फरक पडत नाही. दुसरा फायदा धुण्याशी थेट संबंधित आहे. कॉइल टाकीच्या तळापासून साधारण दोन बोटे वर असते, त्यामुळे तिच्या खालचे तेल तुलनेने थंड राहते. चकलीचा चुरा आणि करंजीतून सुटलेले सारण त्या थंड तेलात जाऊन बसते आणि जळत नाही. कढईत हाच चुरा तळाला, म्हणजे थेट ज्वालेच्या डोक्यावर पडतो आणि दुसऱ्या घाण्यापासूनच तेल काळवंडू लागते. अनारसे मात्र या यंत्रात करू नयेत. ते एकेक करून, खसखशीची बाजू वर ठेवून, झाऱ्याने वरून तूप उडवत तळायचे असतात आणि त्यासाठी तीन लिटरची खोल टाकी म्हणजे विहिरीत वाटी शोधण्याचा प्रकार होतो; शिवाय गळालेली खसखस जाळीच्या सांध्यांत अशी बसते की पुढच्या संक्रांतीपर्यंत सापडत राहते.

आता मूळ विषय. तेलाचा चिकटा सगळा एकाच प्रकारचा नसतो आणि हे लक्षात न घेतल्यामुळेच माझे पहिले वर्ष वाया गेले. नुकतेच सांडलेले तेल हे फक्त तेल असते. भांडी घासण्याच्या साध्या लिक्विडने आणि गरम पाण्याने ते निघून जाते. तेच तेल पातळ थरात, उष्णतेत आणि हवेत राहिले की त्याचे रेणू हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने एकमेकांशी जोडले जाऊ लागतात. आधी बोटाला चिकटणारा, मधासारखा पिवळसर थर तयार होतो आणि तो पुन्हा पुन्हा तापत राहिला की त्याचे तपकिरी, कडक, नखानेही न निघणारे रोगण होते. क्रिकेटच्या बॅटला जवसाचे तेल चोळतात ते याच गुणासाठी; तिथे हवे असलेले रोगण इथे नको असते, एवढाच फरक. रोगण ही अवस्था एकदा आली की लिक्विड कितीही ओता, ते त्याच्यावरून निसटून जाते, कारण तिथे आता धुऊन काढण्याजोगे तेल उरलेलेच नसते.

कोणते तेल किती लवकर चिकट होईल याचा अंदाज त्याच्या आयोडीन मूल्यावरून, म्हणजे त्याच्या रेणूंत असे जोडले जाऊ शकणारे दुहेरी बंध किती आहेत हे सांगणाऱ्या आकड्यावरून येतो. खोबरेल तेलाचे हे मूल्य 10 च्या आसपास असते, शेंगदाण्याच्या तेलाचे साधारण 85 ते 105, तर नेहमीच्या सूर्यफूल तेलाचे 120 ते 140. जवस 170 च्याही पुढे जाते. आकडा जितका मोठा, तितके ते तेल लवकर सुकून चिकटते. पहिल्या वर्षी आम्ही सूर्यफूल वापरले आणि झाकणाची कड चार दिवसांत गोंद लावल्यासारखी झाली. दुसऱ्या वर्षापासून शेंगतेल वापरतो. चिकटा तेव्हाही धरतो, पण हळू धरतो आणि तेवढी सवलत धुणाऱ्याला पुरते.

पहिल्या वर्षीची फजिती सांगणे भाग आहे. यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिले होते की टाकीत पाणी आणि थोडे भांडी घासण्याचे लिक्विड घालून ते यंत्रावरच उकळावे. मी "थोडे" या शब्दाचा अर्थ सढळ हाताने घेतला, टाकी वरच्या खुणेपर्यंत भरली, खुंटी सर्वांत कमी तापमानावर ठेवली आणि दिवाळीच्या कंदिलाचा कागद चिकटवायला बाहेरच्या खोलीत गेले. यंत्र आपोआप बंद होईल, अशी माझी समजूत होती. परत आले तेव्हा साबणाचा तपकिरी फेस टाकीतून उतू जाऊन ओटाभर पसरला होता आणि प्लगपासून वीतभर अंतरावर थांबला होता. कारण शोधल्यावर स्वतःचीच लाज वाटली: या थर्मोस्टॅटचे सर्वांत कमी तापमान 130 अंश आहे आणि पाणी 100 अंशांच्या वर जातच नाही, म्हणजे टाकीत पाणी असेपर्यंत तो थर्मोस्टॅट कधीच बंद होणार नाही. जी गोष्ट मी दरवर्षी वर्गात शिकवते, ती पुस्तिकेत एका ओळीत लिहिलेली असती तर बरे झाले असते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कढई धुवायला कधी कोणाला पहारा द्यावा लागला नव्हता." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

आता जी रीत आमच्याकडे बसली आहे, ती अशी. प्लग काढून तेल निवू द्यायचे. तीन लिटर तेल निवायला दोन-अडीच तास सहज लागतात आणि घाई करण्यात काहीच हशील नाही. मात्र ते पूर्ण गार होऊन दुसऱ्या दिवसावर जाऊ देऊ नये, कारण कोमट तेल पातळ असते आणि पंचातून चटकन गाळले जाते. तळाचा चुरा लाकडी उलथन्याने काढून घेतला की टाकीच्या भिंती आणि कॉइल कोरड्या डाळीच्या पिठाने चोळायच्या. आजीच्या काळी तेलकट हात पिठाने पुसत, तोच हा उपाय; पीठ तेल शोषून घेते आणि ते जुन्या कागदाने पुसून कचऱ्यात टाकता येते, त्यामुळे मोरीत जाणारे तेल जवळजवळ संपते. त्यानंतर टाकीत खालच्या खुणेपेक्षा थोडे वर, साधारण दोन लिटर पाणी घ्यायचे, म्हणजे फेसाला वर येण्यास जागा राहते आणि कॉइलही पूर्ण बुडते. त्यात लिक्विडचे चारच थेंब आणि धुण्याच्या सोड्याचे दोन मोठे चमचे घालून यंत्र सुरू करायचे, शेजारी उभे राहायचे, बारीक उकळी फुटल्यावर दहा मिनिटांनी हाताने बंद करून प्लग काढायचा आणि अर्धा तास तसेच राहू द्यायचे. या रीतीचा मोठा फायदा असा की कॉइल स्वतःच्याच उकळत्या पाण्यात धुतली जाते. तिचे डोके, म्हणजे खुंटीचा आणि वायरचा भाग, कधीही पाण्यात बुडवायचा नसतो, आणि वेटोळी एकमेकांच्या इतकी जवळ असतात की ब्रश आत शिरत नाही. उकळते सोड्याचे पाणी मात्र सगळीकडे पोहोचते.

धुण्याचा सोडा हाच का, याचेही उत्तर द्यायला हवे, कारण स्वयंपाकघरातील स्वच्छतेच्या सल्ल्यांत हमखास येतात ते खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. मी झाकणाच्या आतल्या बाजूचे चार भाग करून चार उपाय एकाच दुपारी करून पाहिले. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर भरपूर फसफसते आणि पाहणाऱ्याला काहीतरी घडते आहे असे वाटते. घडते ते एवढेच की आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि मागे सोडियम ॲसिटेटचे पाणी राहते, ज्याला चिकट तेलाशी काही देणेघेणे नाही. झाकणाचा तो भाग जसाच्या तसा राहिला. नुसत्या खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट थोडी बरी ठरली, पण तिचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचा आकडा) जेमतेम 8.3 असतो, म्हणून तिचे काम बारीक रांगोळीने घासण्याइतकेच. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू 11 च्या आसपास असतो. ते तेलाच्या काही भागाचे साबणात रूपांतर करते आणि तो साबणच पुढे उरलेले तेल ओढून नेतो. पिवळा, चिकट थर त्याने वीस मिनिटांत सुटला. किराणा दुकानात सुटा मिळणारा हा पांढरा सोडा सगळ्या उपायांत स्वस्त आहे, हे वेगळे सांगायला नकोच. हातमोजे मात्र घालावेत, नाहीतर बोटे दोन दिवस कोरडी पडतात. चूल होती तेव्हा राखेने भांडी घासत, त्यातही हेच तत्त्व होते, कारण लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते. हे मी सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मग आम्ही काय वेगळं करत होतो?"

चौथा उपाय म्हणजे ओव्हन आणि चिमणी साफ करण्यासाठी मिळणारा कॉस्टिक सोड्याचा फवारा. तपकिरी रोगण खरोखर काढणारा हा एकच उपाय निघाला आणि म्हणूनच त्याच्याबद्दल सर्वांत अधिक सावध राहायला हवे. आमची टाकी स्टेनलेस स्टीलची आहे, म्हणून निभावले. ज्यांच्या फ्रायरचे आतले भांडे ॲल्युमिनियमचे किंवा नॉनस्टिक थराचे आहे, त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो. हा प्रयोग आम्ही प्रयोगशाळेत चमचाभर द्रावणात करून दाखवतो आणि तेवढ्यानेही परीक्षानळी हाताला गरम लागते. धुण्याचा सोडाही ॲल्युमिनियम काळे पाडतो, तेव्हा तसल्या भांड्याला गरम पाणी, लिक्विड आणि मऊ स्पंज एवढ्यावरच भागवावे लागते. फवाऱ्याने आमच्या खुंटीभोवतीचे दोन आकडे पुसून टाकले, हा माझा निष्काळजीपणा. 170 आणि 180 आता अंदाजाने लावते.

व्हिनेगरला मी अगदीच निरुपयोगी ठरवत नाही, फक्त त्याची वेळ वेगळी आहे. आमच्याकडे बोअरचे पाणी येते आणि त्याने उकळल्यावर कॉइलवर क्षारांचा पांढरा पापुद्रा धरतो. सोड्याचे पाणी टाकून दिल्यावर स्वच्छ पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून टाकी विसळली की तो पापुद्रा विरघळतो आणि कोपऱ्यांत राहिलेला सोडाही संपतो. हे विसळणे वगळू नये. साबणाचा किंवा सोड्याचा अंश राहिला तर पुढच्या वेळी तेल घाण्याघाण्याला फेसाळते आणि लवकर खराब होते. मग आपण तेलाच्या कंपनीला नावे ठेवत बसतो.

जाळीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ती लोखंडी तारेची, वरून मुलामा दिलेली आहे. भजी जाळीत टाकली तर पीठ तारांच्या प्रत्येक सांध्याला धरून बसते, म्हणून भजी जाळीशिवाय सोडावीत आणि झाऱ्याने काढावीत. तारेच्या घासणीने मुलामा जातो आणि मग सांध्यांत गंज धरतो. आमच्या जाळीत एका ठिकाणी तो धरला आहे. जुना टूथब्रश पुरतो. बाहेरच्या आवरणावर जो चिकट, धूळ धरलेला थर बसतो, त्यावर आधी दोन थेंब ताजे तेल चोळून पाच मिनिटे ठेवावे आणि मग लिक्विडच्या फडक्याने पुसावे. तेलाने तेल निघते ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते, पण चिकट थर कडक झालेला नसेल तोवर ती लागू पडते.

या यंत्राचा खरा दोष झाकणात आहे, आणि तो इतका ठळक आहे की तळणीसाठी पाचपैकी साडेचार तारे दिले तरी धुण्यासाठी मी अडीचच्या वर जात नाही. झाकण दुहेरी पत्र्याचे आहे. मध्ये वाफ जाण्यासाठी बारीक जाळी आहे आणि ती जाळी काढता येत नाही. तळताना उठणारी तेलकट वाफ त्या दोन पत्र्यांमध्ये जाऊन गार होते आणि तिथेच राहते. धुतल्यावर पाणी त्याच पोकळीत शिरते, आणि ते कितीही झटकले तरी पूर्ण निघत नाही. दुसऱ्या वर्षी मी ते रात्रभर पालथे घालून ठेवले होते, सकाळी कोरडे दिसले म्हणून 180 अंशांच्या तेलावर ठेवले आणि आत अडकलेले चमचाभर पाणी कडेने गळाले. पाण्याची वाफ होते तेव्हा तिचे आकारमान मूळच्या सोळाशे-सतराशे पट होते. तेवढा विस्तार उकळत्या तेलाच्या आत घडला की काय होते, ते माझ्या डाव्या मनगटावरच्या डागाला विचारावे. तेव्हापासून झाकण दिवसभर उन्हात, उभे, टेकवून ठेवल्याशिवाय वापरत नाही, आणि खरे सांगायचे तर अलीकडे तळताना झाकण लावतच नाही. ते फक्त धुळीपासून संरक्षण म्हणून उरले आहे. वाफ जाण्याची जाळी काढता येईल अशी केली असती तर खर्च कितीसा वाढला असता, हे मला अजून उमगलेले नाही.

वापरलेल्या तेलाचे काय करावे, हा प्रश्न धुण्याच्या कामातूनच निघतो. खाद्यपदार्थांच्या व्यवसायासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून तळणीच्या तेलातील ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडताना त्यात साठणाऱ्या पदार्थांची, मर्यादा 25 टक्के ठेवली आहे. घरी ते मोजण्याचे साधन नसते. तेल दाट झाले, नेहमीच्या तापमानाला धूर देऊ लागले किंवा चकलीभोवतीचे बुडबुडे चटकन न फुटता फेसासारखे टिकून राहिले, की मी ते बाद करते. असले थकलेले तेल टाकीला रोगणही फार लवकर चढवते, त्यामुळे ते आणखी एकदा वापरून वाचवलेले पैसे धुण्याच्या श्रमात परत जातात. बाद तेल मोरीत न ओतता बाटलीत भरून ठेवावे. थंडीत नळीच्या वळणावर त्याचा जो गठ्ठा होतो, तो काढायला येणारा माणूस दिवाळीत मिळत नाही.

एकंदर वेळेचा हिशेब मी वहीत ठेवला आहे. तेल निवण्याचा आणि सोडा मुरण्याचा वेळ सोडला, तर उभे राहून करायचे काम त्याच दिवशी केल्यास चाळीस-पन्नास मिनिटांचे असते. पहिल्या वर्षी चार दिवस तसेच ठेवून मग धुतले, तेव्हा दोन संध्याकाळी गेल्या आणि कॉइलवरचा तपकिरी डाग आजही आहे. महिन्यातून एकदा चार पापड तळणाऱ्या घराने हे यंत्र घेऊ नये, कारण चार पापडांसाठीही टाकी तेवढीच धुवावी लागते. ज्यांच्याकडे सणाला, किंवा ऑर्डरीसाठी, एका बैठकीत पाच-सहा किलो तळण निघते, त्यांना ते निश्चित उपयोगी पडेल. दुकानात गेल्यावर वॅट आणि लिटर विचारण्याआधी कॉइल बाहेर निघते का ते पाहावे, टाकी कोणत्या धातूची आहे ते विचारून बिलावर लिहून घ्यावे, टाकीच्या कोपऱ्यात बोट फिरवून तो गोलाई दिलेला आहे की काटकोनी आहे ते तपासावे, आणि झाकण हातात घेऊन कानाशी हलवावे. आत पोकळी असेल तर ठोकल्यावर आवाजावरून कळते. विक्रेता विचित्र नजरेने पाहील, पाहू द्यावे.

यंदाही चकल्या आणि करंज्या फ्रायरमध्येच तळल्या. सासूबाईंनी अनारसे मात्र नेहमीप्रमाणे त्यांच्या लोखंडी कढईत तळले आणि कढई माझ्याकडे धुवायला दिली. तिला मला चार मिनिटे लागली.